पानाची खालची बाजू: डोळ्याच्या पडद्याचा फोटो कशासाठी काढायचा?

चष्म्याचा नंबर तपासायला नाशिकच्या कॉलेज रोडला किंवा नाशिकरोडला गेलं की हल्ली भिंतीवरची अक्षरं वाचून झाल्यावर हमखास एक प्रश्न येतो: "पडद्याचा फोटो काढून घेऊ का? त्याचे वेगळे पैसे होतील." सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या वार्षिक तपासणीत आणि शुगरच्या शिबिरांतही हा कॅमेरा दिसू लागला आहे. बरेच जण "काढा" म्हणतात आणि कागद घरी नेऊन कपाटात टाकतात. बाकीचे "मला नीट दिसतंय, नको" म्हणून उठतात. फोटोत काय दिसतं आणि काय दिसत नाही हे माहीत नसेल, तर दोन्ही उत्तरं अंदाजपंचेच म्हणायची.

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराला यातली मुख्य गोष्ट सांगावी लागत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की तो घड बिघडायची वाट बघत बसत नाही. बागेत शिरतो, पान उलटं करतो आणि खालच्या बाजूला डाऊनीची पांढरी बुरशी धरली आहे का ते पाहतो. पडद्याचा फोटो म्हणजे असंच पान उलटून पाहणं.

पडदा म्हणजे नेमकं काय?

आधी एक घोळ मिटवू. "डोळ्यावर पडदा आला" असं आपण मोतीबिंदूबद्दलही म्हणतो. मोतीबिंदू हा डोळ्याच्या पुढच्या भागातल्या भिंगाचा दोष, भिंग गढूळ होतं. आपण ज्या पडद्याबद्दल बोलतोय तो डोळ्याच्या अगदी मागच्या भिंतीला आतून अस्तरासारखा लागलेला असतो. त्याला रेटिना म्हणतात. जाडी साधारण पाव मिलिमीटर. त्यावर प्रतिमा पडते आणि तिथून नसेवाटे मेंदूकडे जाते. भिंग गढूळ झालं तर बदलता येतं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये तेच करतात. पडदा बदलता येत नाही.

आणखी दोन शब्द लागतील. पडद्याच्या मध्यभागी जो छोटा भाग वाचायला, चेहरे ओळखायला, सुईत दोरा ओवायला लागतो, तो मॅक्युला. आणि डोळ्यातले सगळे मज्जातंतू गोळा होऊन जिथून बाहेर पडतात ती जागा म्हणजे डिस्क, जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीची.

एवढं सगळं आत असूनही बाहेरून बाहुली काळीच का दिसते? भर दुपारी पंचवटीतल्या जुन्या वाड्याच्या छोट्या खिडकीतून आत डोकावलं तर काळोखच दिसतो. माजघरात भांडी असतात, माणसं असतात, पण आत पुरेसा उजेड जात नाही, आणि डोकावणाऱ्याचं डोकंच उजेड अडवतं. डोळ्याचंही तसंच. १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने काचेच्या साहाय्याने पाहणाऱ्याच्या नजरेच्या वाटेनेच उजेड आत सोडायची युक्ती जगापुढे मांडली, आणि जिवंत माणसाचा पडदा डॉक्टरांना पहिल्यांदा पाहता आला. आजचा डिजिटल कॅमेरा त्याच युक्तीवर चालतो. फरक इतकाच की जे दिसतं ते साठवून ठेवता येतं.

फोटो काढताना काय होतं?

चष्मा आणि कॉन्टॅक्ट लेन्स काढायला सांगतात. खोलीत अंधार करून दोन-चार मिनिटं बसवतात. हा वेळ वाया जात नाही: अंधारात बाहुली आपोआप मोठी होते, आणि बहुतेक कॅमेऱ्यांना ती किमान ४ मिलिमीटरच्या आसपास लागते. मग हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला चिकटवायचं आणि आत दिसणाऱ्या हिरव्या ठिपक्याकडे बघत राहायचं. ऑपरेटर तोवर आपल्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडात स्क्रीनवर डोळा जुळवतो. म्हणूनच बाहुली आक्रसत नाही. "आता पापणी मिटा, उघडा, हलू नका" असं म्हणून फ्लॅश मारतो.

यानंतर काही मिनिटं डोळ्यापुढे गुलाबी-जांभळा डाग तरंगतो आणि विरून जातो. दुसऱ्या डोळ्यासाठी पुन्हा थांबवतात, कारण उजेड एका डोळ्यावर पडला तरी बाहुल्या दोन्ही आक्रसतात. गर्दीच्या शिबिरात हे थांबणं गाळलं की दुसऱ्या डोळ्याचा फोटो काळपट येतो, कडेला चंद्रकोरीसारखी सावली पडते. रिपोर्टमध्ये एक डोळा स्वच्छ आणि दुसरा धूसर असेल तर डोळा बिघडला म्हणून लगेच घाबरू नये. घाई हेही कारण असू शकतं.

फोटो बिघडायची बाकीची कारणंही साधीच. पापणीचा केस मध्ये आला की खालून धुरकट पट्टा येतो. कॅमेऱ्याच्या भिंगावर धूळ असेल तर एकच ठिपका प्रत्येक माणसाच्या फोटोत त्याच जागी दिसतो. साठीपुढच्या आणि बरीच वर्षं शुगर असलेल्या माणसांची बाहुली अंधारातही पुरती मोठी होत नाही. मोतीबिंदू असेल तर सगळंच धुक्यातून पाहिल्यासारखं येतं. असा फोटो आला तर रिपोर्टवर "नॉर्मल" नव्हे, "नीट दिसत नाही" असं लिहिलं पाहिजे, आणि त्या माणसाला बाहुली मोठी करणारे थेंब टाकून तपासलं पाहिजे. नीट न दिसणं म्हणजे काही नसणं नव्हे. शिबिरांमध्ये सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. ज्यांचा पडदा बिघडलेला असण्याची शक्यता अधिक, नेमके त्यांचेच फोटो धूसर येतात, आणि तेच "काही सापडलं नाही" असं समजून घरी जातात.

यात एक्स-रे नसतो, फक्त उजेड असतो. गरोदर बाईचाही काढता येतो. उलट आधीपासून मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले, तर पहिल्या तीन महिन्यांतच पडदा तपासायला हवा, कारण गरोदरपणात पडद्यावरचे बदल वेगाने वाढू शकतात. लखलखत्या उजेडाने फिट येण्याचा त्रास असेल तर मात्र आधी सांगावं.

आपला फोटो आपण कसा बघावा?

नारिंगी-तांबूस गोल दिसतो. आपल्याकडच्या डोळ्यांत रंगद्रव्य जास्त, म्हणून पार्श्वभूमी गोऱ्या माणसापेक्षा गडद, तपकिरीकडे झुकलेली असते. एका बाजूला पिवळसर चकती असते ती डिस्क. ती नाकाच्या बाजूला असते. म्हणजे चकती फोटोत उजवीकडे असेल तर डोळा उजवा, डावीकडे असेल तर डावा. चकतीतून वर-खाली कमानीसारख्या रक्तवाहिन्या निघतात: धमन्या बारीक आणि उजळ, शिरा थोड्या जाड आणि गडद. त्या कमानींच्या मध्ये रक्तवाहिन्या नसलेला थोडा काळसर भाग असतो तो मॅक्युला.

बारीक धमन्या, शिरा आणि थेट मेंदूकडे जाणारी नस, हे सगळं कापाकाप न करता उघड्यावर पाहता येतं ते इथेच. म्हणून रक्तदाबाचे, मधुमेहाचे, क्वचित रक्ताच्या आजाराचेही ठसे डॉक्टरांना इथे सापडतात.

लहान मुलांच्या आणि तरुणांच्या फोटोत पांढुरकी चमक दिसते. तो आजार नाही, ताज्या पडद्यावरून परावर्तित झालेला उजेड आहे.

शुगर आणि ठिबकची नळी

मधुमेहात पडद्याचं काय होतं हे ठिबकवर बाग घेणाऱ्याला लगेच समजेल. ठिबकच्या नळीची, म्हणजे लॅटरलची, भिंत एका जागी पातळ पडली की तिथे फुगा येतो. पडद्याच्या केशवाहिन्यांनाही साखरेने भिंत कमजोर झाली की असेच सूक्ष्म फुगे येतात. फोटोत ते लाल टाचणीच्या टोकाएवढे दिसतात. मधुमेहाची ही पहिली दिसणारी खूण.

पुढे फुगा झिरपू लागतो. ड्रीपरच्या तोंडाशी पाणी उडून गेल्यावर क्षार राहतात, तसं इथे पाणी शोषलं जातं आणि स्निग्ध पदार्थ मागे राहतात. फोटोत ते पिवळे, ठळक कडांचे कण दिसतात. मॅक्युलाजवळ झिरपलं तर तिथे सूज येते, आणि वाचताना ओळी वाकड्या दिसू लागतात.

तिसरी पायरी जास्त घातक. नळी चोंदली की पुढच्या वेलींना पाणी मिळत नाही. पडद्याचा भाग असा उपाशी राहिला की तो रासायनिक संदेश सोडतो आणि नव्या रक्तवाहिन्या फुटतात. ऐकायला बरं वाटतं, पण या वाहिन्या भलत्या जागी वाढतात आणि इतक्या ठिसूळ असतात की एखाद्या सकाळी फुटून डोळ्यात रक्त पसरतं. त्या सुकताना पडद्याला ओढून सोडवतातही.

"मला तर स्वच्छ दिसतंय, मग कशाला?"

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा प्रश्न. वर सांगितलेल्या पहिल्या दोन पायऱ्या मॅक्युलापासून लांब घडत असतील, तर माणूस ६/६ वाचतो. तिसरी पायरीही काही काळ गुपचूप चालते. नंबर तपासणीत मध्यबिंदू किती तीक्ष्ण आहे तेवढंच कळतं. पडद्याच्या बाकी भागाबद्दल ती काहीच सांगत नाही.

त्यात लेसर आणि डोळ्यातलं इंजेक्शन या उपचारांचा उद्देश मुख्यतः आहे ती नजर टिकवण्याचा. गेलेली नजर पूर्ण परत येईलच असं नाही. लवकर पाहण्याला महत्त्व आहे ते म्हणूनच. टाइप २ मधुमेह निदान झाल्याच्या दिवसापासून, आणि टाइप १ मध्ये पाच वर्षांच्या आत पडदा तपासणी सुरू करून दर वर्षी करावी असं ठरलेलं आहे. टाइप २ ला पाच वर्षांची सवलत नाही, कारण निदान होण्याआधीच ती शुगर किती वर्षं अंगात होती हे कुणालाच माहीत नसतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. एवढ्या सगळ्यांचे डोळे दर वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनीच बघायचे म्हटलं तर ते जमणारं नाही. गावोगावी नेता येणारे कॅमेरे म्हणूनच महत्त्वाचे.

"फोटो काढला, आता थेंब नकोत ना?"

इथे बहुतेकांची समजूत चुकते. साध्या कॅमेऱ्याच्या एका फोटोत साधारण ४५ अंशांचा मधला भाग येतो. म्हणजे शेताच्या मधोमध उभं राहून समोरचे चार वाफे पाहिले आणि बांध पाहिलाच नाही. रुंद फोटो घेणारी महाग यंत्रं २०० अंशांपर्यंत जातात, पण त्यातही वर-खाली पापण्या आड येतात आणि काहींत रंग खरे नसतात. लाल आणि हिरव्या लेसरने घेतलेले दोन फोटो जोडून तो रंग तयार केलेला असतो.

पडद्याला फाट पडते ती बहुधा कडेला. मायनस ६ च्या पुढचा नंबर असणारे, डोळ्याला जोराचा मार लागलेले, घरात कुणाचा पडदा सुटलेला: यांना थेंब टाकून, डॉक्टरांनी डोक्याला दिवा बांधून हातातल्या भिंगातून कडेपर्यंत पाहणं आवश्यकच. डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके वाढले, विजेसारखी चमक दिसू लागली किंवा बाजूने सावली सरकत आली, तर फोटोच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नये. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं.

थेंबांबद्दल व्यवहाराच्या चार गोष्टी. बाहुली मोठी व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात, काळ्याभोर डोळ्यांना कधी दोनदा टाकावे लागतात. पहिले काही सेकंद झोंबतं. नंतर चार ते सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड टोचतो. सीबीएस बसस्थानकापासून सातपूरपर्यंत भर उन्हात दुचाकी चालवायची हिंमत करू नये. सोबत कुणाला न्यावं, नाहीतर रिक्षाने किंवा सिटीलिंक बसने यावं, गॉगल ठेवावा. हृदयविकार किंवा खूप चढलेला रक्तदाब असेल तर आधी सांगावं, कारण काही थेंबांनी तो वाढू शकतो. ज्यांच्या डोळ्यातला पाणी वाहून जायचा कोन अरुंद आहे त्यांना थेंबांनी क्वचित दाब एकदम चढतो. थेंब टाकण्याआधी डॉक्टर यंत्रातून डोळ्याची पुढची बाजू पाहतात ते यासाठी.

ओसीटी म्हणजे आणखी एक फोटोच ना?

नाही. साधा फोटो म्हणजे ड्रोनने वरून टिपलेलं शेत. ओसीटी म्हणजे खड्डा खणून बाजूच्या भिंतीत मातीचे थर मोजणं, फक्त खड्डा न खणता, उजेडाच्या मदतीने. १९९१ पासून हे तंत्र माहीत आहे आणि ते एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत थर मोजतं. सूज किती जाड आहे हे साध्या फोटोवरून कळत नाही, ओसीटीत आकडा मिळतो. संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन घेणाऱ्यांना पडद्याची तपासणी सांगतात तेव्हाही भिस्त ओसीटी आणि फील्ड टेस्टवर (नजरेचा आवाका मोजणाऱ्या तपासणीवर) असते, रंगीत फोटोवर नव्हे. त्यात बदल दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

"कॉम्प्युटरने नॉर्मल सांगितलं"

२०१६ साली गूगलच्या संशोधकांनी, भारतातल्या नेत्र रुग्णालयांचे फोटोही वापरून, मधुमेहाचे बदल कॉम्प्युटर ओळखू शकतो हे दाखवलं. २०१८ मध्ये अमेरिकेने डॉक्टरशिवाय निकाल देणाऱ्या पहिल्या अशा प्रणालीला मान्यता दिली. तंत्र चांगलं आहे, आणि जिथे डोळ्यांचा डॉक्टर महिन्यातून एकदा येतो तिथे फारच मोलाचं.

पण त्याला जो प्रश्न शिकवला तेवढ्याचंच उत्तर ते देतं. मधुमेहासाठी शिकवलेल्या एआयने "नॉर्मल" म्हटलं, याचा अर्थ "पुढे पाठवावं एवढा मधुमेही बदल या फोटोत दिसला नाही" एवढाच. काचबिंदू नाही, कडेला फाट नाही, असं त्याने म्हटलेलंच नसतं. रिपोर्टवर कोणत्या आजारासाठी तपासलं ते लिहिलेलं असतं, ती ओळ आधी वाचावी. पडद्याच्या फोटोवरून हृदयविकाराचा धोका सांगण्यावरही संशोधन सुरू आहे, पण त्यामुळे दंडाला पट्टा बांधून बी.पी. मोजायचं कुणी थांबवू नये.

"हा पैसे काढायचा प्रकार तर नाही?"

प्रश्न रास्त आहे. पंचविशीतल्या, मायनस १ नंबरच्या, कुठलाही त्रास नसलेल्या माणसाला दर सहा महिन्यांनी फोटो काढायला लावत असतील तर नकार द्यावा. पण एकदा, चाळिशीचा चष्मा लागायच्या सुमारास, काढून ठेवलेला फोटो फार उपयोगी पडतो. शुगर असेल, घरात आई-वडिलांना काचबिंदू असेल, तर त्याआधीही. डॉक्टरांनी थेंब टाकून पडदा नीट पाहिला असेल तर त्या दिवसापुरता फोटो नसला तरी चालतो. पैशांची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात ही थेंब टाकून केलेली तपासणी मागावी.

मग फोटोचा फायदा काय? तुलना. काचबिंदूचं उदाहरण घ्या. डिस्क ही बशी समजा, तिच्या मध्ये एक खोलगट वाटी असते. काचबिंदूत मज्जातंतू झडतात तशी वाटी पसरत जाते. रिपोर्टवर "सी:डी ०.५" असं लिहिलेलं असतं ते वाटीचं बशीशी प्रमाण. एका डॉक्टरला ०.५ वाटलं, तीन वर्षांनी दुसऱ्याला ०.६ वाटलं, तर वाटी वाढली की नजरेचा फरक? जन्मतःच मोठी वाटी असणारीही पुष्कळ माणसं असतात. जुना फोटो समोर असेल तर दोन्ही शेजारी ठेवून उत्तर मिळतं. डिस्कच्या कडेला कधी कुसळाएवढा रक्ताचा ओरखडा येतो आणि काही आठवड्यांत पुसला जातो. काचबिंदू वाढतोय याची ती खूण, तपासणीच्या दिवशी नजरेतून निसटली तरी फोटोत राहते. मात्र डोळ्याचा दाब आणि फील्ड टेस्ट यांची जागा फोटो घेत नाही.

त्वचेवर असतो तसा तीळ पडद्याखालीही असतो. बहुतेक निरुपद्रवी. तो वाढत असेल तरच चिंता, आणि वाढतोय की नाही हे कळायला आधीचा फोटो लागतो.

फोटो आपल्या ताब्यात ठेवा

कागदावरची छापील प्रत तुलनेला फारशी कामाची नसते. बोटभर रुंदीच्या छापील फोटोत ते टाचणीच्या टोकाएवढे फुगे दिसत नाहीत. मूळ फाइल मागावी. ई-मेलवर मिळाली तर उत्तम. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवली की ती दाबून लहान केली जाते आणि बारीक तपशील जातो, म्हणून "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगावं. दोन्ही डोळ्यांचे, प्रत्येकी किमान दोन फोटो असावेत: एक मॅक्युला मध्ये धरून, एक डिस्क मध्ये धरून. फाइलच्या नावात तारीख आणि डोळा लिहावा. शुगरवाल्यांनी त्याच सुमाराचा एचबीए१सीचा (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) आकडाही जोडावा. पुढच्या वर्षी डॉक्टर किंवा शहर बदललं, तरी तपासणीला बसण्याआधी ही जुनी फाइल समोर ठेवावी.